गोऱ्हे शिकवून विकण्याचा जोडधंदा

धानाचे पुंजणे मळून झाले आणि तणशीचे ढीग रचले गेले म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यांतील बहुतेक शेतकऱ्यांच्या पदरीं दोन वस्तू शिल्लक राहतात; एक चारा व दुसरी फुरसत. या दोहोंचा उपयोग करून चार पैसे मिळविण्याचा एक जुना मार्ग म्हणजे जुंपणीस न लागलेले गोऱ्हे विकत घेणें, त्यांस कामाचें वळण लावणें व पावसाळ्यापूर्वीं त्यांची जोडी करून विकणें हा होय. हा धंदा दिसतो तितका सोपा नाहीं, परंतु समजून केल्यास तोट्याचाहि नाहीं. कोठें पैसा मिळतो व कोठें जातो, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

घोड्यांच्या व्यापाऱ्यांस ही रीत पूर्वींपासून माहीत आहे. नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडा येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा कोणत्याहि बाजारांत, पाठीवर खोगीर न चढलेलें शिंगरूं आणि लगामास वळलेला घोडा यांच्या किंमतींत जें अंतर दिसतें, तें शिकविणाऱ्याच्या मेहनतीचें मोल होय. आपल्याकडे शेताला घोड्याचें काम नाहीं. आपला घोडा म्हणजे बैल, आणि आपलें शिंगरूं म्हणजे गोऱ्हा. मात्र खरेदी व विक्री यांच्या किंमतींतील सगळें अंतर म्हणजे नफा, असें जो समजतो तो पहिल्याच वर्षीं हात पोळून घेतो.

बैलास गिऱ्हाईक उरलें आहे काय?

ट्रॅक्टर गांवोगांवीं आल्यावर बैल कोण घेणार, अशी शंका साहजिक आहे. देशाच्या पशुगणनेंत २०१२ सालीं गोवंशांतील नरांची संख्या सुमारें ६ कोटी ७९ लाख होती, ती २०१९ सालीं सुमारें ४ कोटी ७४ लाखांवर आली. म्हणजे सात वर्षांत शेंकडा तीस नर कमी झाले. गिऱ्हाईक घटलें हें उघड आहे. परंतु त्याबरोबर घरोघर गोऱ्हे वाढवून जुंपणारेहि घटले, व शिकवलेली जोडी आयती शोधणारे लोक मागें राहिले. आपल्या मामा तलावांखालील लहान लहान बांध्या, त्यांचे अरुंद कोपरे व खोल चिखल, तसेंच जंगलालगतच्या गांवांच्या वाटा, येथें बैलाचें काम अद्याप संपलेलें नाहीं. दोन-चार एकरांच्या धन्यास ट्रॅक्टर भाड्यानें मिळतो खरा, पण रोवणीच्या दिवसांत तो सर्वांनाच एकदम हवा असतो. ज्याच्या दारीं जोडी आहे त्याची चिखलणी दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अडत नाहीं. आपलें गिऱ्हाईक तें हेंच, हें प्रथमपासून ध्यानांत ठेवावें.

शंकरपटाचा मोह मात्र जपून करावा. पट आणि त्यासोबत होणारीं झाडीपट्टीचीं नाटकें हा आपल्या भागाचा हौसेचा ठेवा आहे, व पळणाऱ्या जोडीस कधीं कधीं डोळे दिपविणारी किंमत येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानें शर्यती बंद झाल्या, त्या १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर पुन्हां सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविल्यावर त्यांस स्थैर्य आलें. मधल्या सात वर्षांत ज्यांनीं केवळ पटासाठीं जोड्या पोसल्या होत्या त्यांचें गिऱ्हाईकच नाहींसें झालें. नांगराच्या बैलास पटाचा शौकीन मिळाला तर तो लाभ समजावा. पण त्याच्या भरंवशावर धंदा उभारूं नये.

गोऱ्ह्याची निवड

वय दांतांवरून ओळखावें. खालच्या जबड्यांतील दुधाचे आठहि दांत जागेवर असले म्हणजे गोऱ्हा अदंत. सुमारें दोन ते अडीच वर्षांस दोनदाती, तीन वर्षांच्या सुमारास चारदाती, साडेतीन ते चार वर्षांस सहादाती, व साडेचार-पांच वर्षांस जुळता होतो. खाणें व जात यांप्रमाणें यांत कांहीं महिन्यांचा फरक पडतो. आपल्या कामास नुकता दोनदाती झालेला गोऱ्हा उत्तम. त्याहून लहान घेतल्यास पोसण्याचा काळ वाढतो. जुळता होऊनहि ज्यास जूं माहीत नाहीं असा घेतल्यास त्याची रग मोडणें कठीण जातें, आणि इतके दिवस तो कां जुंपला नाहीं हा प्रश्नहि उरतोच.

जातीचा विचार जमिनीप्रमाणें करावा. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ अंगानें लांबट, पांढुरका व चालीस चपळ. रस्त्यावर व वखरावर तो शोभतो. गडचिरोली, चंद्रपूर व गोंदिया या बाजूची कठाणी जात अंगानें लहान, पण काटक, थोड्या चाऱ्यावर टिकणारी व धानाच्या चिखलांत पाय न गाळणारी आहे. पवनी-लाखांदूरच्या धानकऱ्यास मोठें धूड नको असतें, चिखलांतून पाय उचलणारा बैल हवा असतो.

बाजारांत जनावर उभें असतां न पाहतां चालतांना पाहावें, व तेंहि समोरून, बाजूनें व मागून. खूर आवळ व काळे, पाय सरळ, छाती रुंद, खांदा कातडीला सैल व गांठीशिवाय, डोळे स्वच्छ असावेत. मग अंगावर हात टाकावा. हात लागतांच थरथरून बाजूस सरणारा गोऱ्हा भित्रा आहे, तो शिकेल. जो न भितां शिंग रोखून येतो तो मारका निघण्याचा संभव अधिक. तो स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. भोंवऱ्यांच्या शुभाशुभाचा कामाशीं संबंध नाहीं. परंतु अशुभ मानलेल्या भोंवऱ्याचा गोऱ्हा ज्या कारणानें आपणांस स्वस्त मिळतो, त्याच कारणानें तो आपल्या हातूनहि स्वस्तच जातो. म्हणून त्याची सवलत हा आपला नफा धरूं नये.

या धंद्याचें खरें मर्म मात्र एकट्या जनावरांत नसून जोडींत आहे. उंची, पावलाचा पल्ला व स्वभाव हीं तिन्ही जुळलेले दोन गोऱ्हे निरनिराळ्या गोठ्यांतून शोधून एका जुंवाखालीं आणणें, हें काम खरेदीदारास साधत नाहीं. म्हणून तो त्याचे पैसे देतो. दोन बोटें उंचीचा फरक असला तरी जूं एका खांद्यावर बसतें व खांदेसूज येते. पहिला गोऱ्हा घेतल्यावर त्याची उंची दोरीनें मोजून ती दोरी खिशांत घेऊनच दुसऱ्याच्या शोधास निघावें.

खरेदीचा काळ व रीत

खरेदी कार्तिक-मार्गशीर्षांत करावी. खरिपाचीं कामें संपलेलीं असतात, विकणारे पुष्कळ असतात, व पुढील थंडीचे महिने शिकवणीस अनुकूल असतात. शक्य तर बाजारापेक्षां वाढविणाऱ्याच्या गोठ्यांतून घ्यावा. आई पाहावयास मिळते, स्वभाव कळतो, आणि रुमालाखालीं बोटें दाबून होणाऱ्या सौद्यांतील दलाली वांचते.

कागदाकडे दुर्लक्ष करूं नये. राज्य शासनानें २०२४ पासून कानांत बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस मनाई केली आहे. खरेदीची पावती व वाहनानें नेतांना पशुवैद्याचा दाखला जवळ ठेवावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याची दुरुस्ती २०१५ सालीं अंमलांत आल्यापासून बैलाच्या कत्तलीसहि बंदी आहे. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथें कर्तव्य नाहीं. परंतु हिशेबावर त्याचा परिणाम असा कीं, कामास नालायक ठरलेल्या जनावरास आतां तळाची किंमत उरलेली नाहीं. चुकीची खरेदी जन्मभर पोसावी लागते. सबब, पूर्वीं एक वेळ पाहून घेत असाल तर आतां तीन वेळां पाहून घ्यावें.

नवीन जनावर आणल्यावर तीन आठवडे घरच्या गुरांपासून दूर बांधावें. जंतांचें औषध द्यावें, व घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत आणि लम्पी यांच्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्याव्यात. खच्चीकरण ठेंचून न करितां पशुवैद्याकडून चिमट्यानें, बधिर करूनच करवावें, आणि तें थंडीत व शिकवणीपूर्वीं निदान एक महिना व्हावें.

शिक्षण

पहिले पंधरा दिवस शिकविणें म्हणजे केवळ ओळख. एकाच माणसानें वैरण घालावी, पाणी दाखवावें, नांवानें हांक मारावी, अंग खरारावें, पाय उचलून पाहावे. जनावरास माणसाचें भय गेल्याशिवाय जुंवाचें भय जात नाहीं. मोरकी घालून रोज गांवाबाहेर फिरवून आणावें. वेसण घातल्यावर नाक पुरतें भरून येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, कासरा ओढूं नये. दुखऱ्या नाकाचा बैल पुढें जन्मभर मान उडवीत राहतो.

त्यानंतर प्रत्येक गोऱ्ह्यास निराळा करून एका शांत, जुन्या बैलासोबत जूं द्यावें. हा जुना बैलच खरा गुरु. ज्याच्या गोठ्यांत असा बैल नाहीं त्यानें या धंद्यांत पडूं नये. प्रथम रिकामें जूं घेऊन पडीक बांधींत पाव तास चालवावें. मग लांकडाचा हलका ओंडका मागें बांधावा. ओंडक्याचा आवाज सवयीचा झाल्यावर रिकामी बंडी, पुढें वखर, व त्यानंतर ओलसर जमिनींत हलका नांगर, असा क्रम ठेवावा. निघण्याचा, वळण्याचा व थांबण्याचा शब्द प्रत्येकीं एकच असावा, आणि तो गांवांत सर्वत्र चालतो तोच असावा. कारण उद्यां हांकणारा आपण नसून दुसरा असणार आहे. दोघेहि गोऱ्हे जुन्या बैलासोबत बिनचूक चालूं लागले कीं मगच त्यांस एकमेकांशेजारीं जुंपावें.

रोजचा धडा पाऊण तासापेक्षां लांबवूं नये, व तो नेहमीं जनावरानें बरोबर केलेल्या कामावर संपवावा. अडलेल्या गोऱ्ह्यास त्याच वेळीं सोडून दिलें, तर अडलें म्हणजे सुटका होते हा धडा तो पाठ करितो. म्हणून अडल्यास ओझें कमी करावें, चार पावलें चालवावें, आणि मग सोडावें. तुतारीस खिळा लावूं नये. १९६५ च्या नियमांप्रमाणें तो गुन्हा आहेच, शिवाय टोंचणीनें चालणारा बैल टोंचणीवांचून चालत नाहीं, व असा बैल पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानांत येतो. त्याच नियमांनुसार जनावरांकडून दिवसांत नऊ तासांहून अधिक, व विश्रांतीशिवाय सलग पांच तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं; आणि उष्णता ३७ अंशांच्या वर असतां दुपारीं बारा ते तीन या वेळांत जुंपण्यास मनाई आहे. आपल्याकडील वैशाखांत तर हा नियम रोजचाच समजावा.

चिखलाची परीक्षा पावसाळ्यापर्यंत लांबणीवर टाकूं नये. ज्यांच्याकडे तलावाखालीं उन्हाळी धान आहे त्यांस जानेवारी-फेब्रुवारींतच चिखलणी मिळते. ज्यांच्याकडे नाहीं त्यांनीं शेजाऱ्याची एक बांधी फुकट चिखलून द्यावी. शेजाऱ्याचें काम होतें व आपल्या जोडीचें शिक्षण पुरें होतें.

चारा

तणीस पोट भरते, अंग भरीत नाहीं. तिच्यांत प्रथिनें व चुना कमी असतो, म्हणून नुसत्या तणशीवर ठेवलेल्या गोऱ्ह्याचें हाड मजबूत होत नाहीं. तणशीस लाखोळीच्या किंवा तुरीच्या कुटाराची जोड द्यावी, ढेप किंवा चुनी, मीठ व रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावें. तणशीवर युरियाची प्रक्रिया केल्यासहि तिचा कस वाढतो. १०० किलो तणशीस ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पुरता विरघळवून थरांवर सारखा शिंपडावा, ढीग दाबून हवाबंद झांकावा व २१ दिवसांनीं उघडावा. थोडा वेळ पसरून वास गेल्यावर थोडी थोडी सुरू करावी. युरियाचें पाणी जनावराच्या तोंडाशीं कधींहि येऊं देऊं नये. तें विष आहे.

हिशेब

पुढील आंकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखविण्यासाठीं घेतले आहेत; प्रत्येकानें आपल्या बाजाराचे घालावेत. दोन गोऱ्ह्यांची खरेदी ३६,००० रुपये. सहा महिने, म्हणजे १८० दिवस, दोघांचा चारा व खुराक रोज १२० प्रमाणें २१,६००. औषध, वाहतूक, दावीं व बाजारखर्च ३,०००. शिकविणाऱ्या माणसाची मेहनत ९० दिवस, रोज १०० प्रमाणें ९,०००. खरेदीच्या रकमेवर वार्षिक शेंकडा १२ नें सहा महिन्यांचें व्याज २,१६०. एकूण ७१,७६०. जोडी ८०,००० रुपयांस गेली तर ३६,००० चे ८०,००० झाले असें गांवांत बोललें जाईल. पण खरा नफा ८,२४० इतकाच.

तणीस घरची व माणूस घरचा म्हणून त्यांची किंमत धरूं नये, असें कित्येक म्हणतात. धरली नाहीं तर धंदा चालतो कीं नाहीं तें कधींच समजत नाहीं. तणीस विकतां आली असती, व माणूस दुसरीकडे कामास गेला असता. हां, शिकवणींत झालेली नांगरट व मिळालेलें शेणखत जमेस धरण्यास हरकत नाहीं.

आतां विक्री एक महिना लांबली तर काय होतें पाहा. चाऱ्याचे ३,६०० व व्याजाचे ३६०, मिळून ३,९६० गेले; दोन महिने लांबली तर ७,९२०. म्हणजे नफा जवळजवळ संपला. सन २०२२ मध्यें लम्पीच्या सांथींत राज्यांतील गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हां ज्यांच्या दारीं विकावयाचीं जनावरें बांधलेलीं होतीं त्यांस हा हिशेब चांगलाच समजला. म्हणून प्रथम वर्षीं एकच जोडी करावी, कर्ज काढून करूं नये, आणि न विकली गेल्यास आपल्याच शेतांत तिला काम देतां येईल इतकी तजवीज ठेवावी.

विक्री व शब्द

विक्री वैशाख-ज्येष्ठांत करावी, व ती नांगरावर दाखवून करावी. घेणाऱ्याच्या हातीं कासरा देऊन आपण बांधावर उभें राहावें. जें अंगीं असेल तें तो पाहील. जें दिसत नसेल तें आपण सांगावें.

हें शेवटचें वाक्य मी पैसे मोजून शिकलों आहें. एका वर्षीं माझ्या गोठ्यांत एक सुरेख जोडी होती. बाजाराची घाई झाल्यामुळें आठव्याच आठवड्यांत मीं तिला धानाची भरलेली बंडी लावली. पाळीच्या चढावर डावा गोऱ्हा गुडघ्यावर आला व खालीं बसला. त्यास उठविलें, घरीं आणलें. पण ओझें जड लागलें कीं बसावें, ही युक्ति त्यास त्या दिवशीं सांपडली. कोरड्या जमिनींत ती खोड दिसत नसे. मीं ती सांगितली नाहीं. शेजारच्या गांवच्या तीन एकरांच्या धन्यानें जोडी चांगल्या किंमतीस नेली. ऐन रोवणींत तो ती हांकीत परत घेऊन आला. रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "भाऊ, तुमचा बैल बसला, अन् त्यासंगं माही रोवणीबी बसली." मीं पैसे परत केले, व माझी जुनी जोडी त्याच्या बांध्या होईपर्यंत दिली. तरी त्याचीं रोपें वय होऊन गेलीं तीं गेलींच. पुढें तीन वर्षें त्या गांवांतून माझ्या दारीं एकहि गिऱ्हाईक आलें नाहीं. चवथ्या वर्षीं तोच पुन्हां आला. त्या वेळीं मीं जोडीचे गुण सांगण्यापूर्वीं दोष सांगितले, आणि त्यानें भावांत घासाघीस केली नाहीं.

तात्पर्य, या धंद्यांत तीन गोष्टी विकल्या जातात: जुळलेली जोडी, संयमानें दिलेलें वळण आणि विकणाऱ्याचा शब्द. पहिल्या दोहोंची किंमत एका हंगामांत मिळते. तिसरीची दरवर्षीं मिळत राहते, अथवा दरवर्षीं भरावी लागते. ज्यांच्या घरीं तणीस पुरेशी आहे, गोठ्यांत एक शांत जुना बैल आहे व घाई न करणारा माणूस आहे, त्यांनीं येत्या मार्गशीर्षांत एका जोडीचा प्रयोग अवश्य करून पाहावा, आणि खर्चाचा आंकडा पहिल्या दिवसापासून वहींत मांडावा.